झेंडा, गालगुंड आणि बारावं नाव

"सर, तिची हजेरी लागली ना जी?"

सातवीची मॉनिटर वैष्णवी मला विचारत होती. तिच्या शेजारी गौरी उभी होती. गौरीचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता. चेहऱ्याचा दुपट्टा मी तिला नुकताच काढायला लावला होता. थंडीत सकाळच्या शाळेला आमच्याकडे निम्मी पोरं दुपट्टा गुंडाळूनच येतात. त्यामुळे परिपाठ होऊन पहिला तास अर्धा संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कोणाच्या म्हणजे माझ्या. वर्गाला ते तिला घरून आणतानाच माहीत होतं.

"लागली," मी म्हणालो. "आता हिला घरी सोडून ये."

"मंग ठीक हाय," वैष्णवी म्हणाली आणि गौरीला घेऊन गेली.  गौरीला तोंड उघडता येत नव्हतं.

मी बडनेऱ्याच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. घर अमरावतीत, राजापेठेत. रोज स्कूटरने जाणं-येणं. शाळा सातवीपर्यंत. पुढे पोरं बडनेऱ्याला जातात, किंवा जात नाहीत.

झेंड्याची कल्पना आमच्या मुख्याध्यापिका मॅडमची. त्या अकोल्याहून बदलून आल्या. तिकडच्या शाळेत त्यांनी हजेरीचा झेंडा पाहिला होता. पद्धत साधी आहे. ज्या वर्गाची आठवड्याची हजेरी सर्वांत जास्त, त्याला शनिवारी शाळा सुटताना झेंडा मिळतो. तो पुढचा आठवडाभर त्यांच्या दारावर राहतो. टक्केवारी काढण्याचं काम माझ्याकडे आलं.

झेंडा सुरू झाला आणि हजेरी वाढली. कापूस वेचणीच्या दिवसांत वाढली, हे विशेष. या दिवसांत आया शेतात जातात आणि मोठ्या मुली लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात. गौरी त्यातलीच. तिचा भाऊ तीन वर्षांचा. सातवीने यावर उपाय काढला. सकाळी चार मुली गौरीच्या घरी जायच्या. दोघी गौरीला घ्यायच्या, एक तिचं दप्तर आणि एक तिच्या भावाला. भावाला अंगणवाडीत टाकायचं आणि गौरीला वर्गात. मॅडमनी परिपाठात त्यांचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या.

गौरी गाल सुजवून आली त्या शनिवारी सहावीची हजेरी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के भरली. सातवीची नव्याण्णव पूर्णांक दोन. गौरी आदल्या दिवशी तापाने आली नव्हती. शनिवारीही आली नसती तर सातवी अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीनवर राहिली असती. म्हणजे झेंडा गौरीच्या गालाने आणला. हे गणित वैष्णवीने माझ्याआधी केलं होतं. गणितात ती हुशार आहे.

सोमवारी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना विचारलं.

"गालगुंड," ते म्हणाले. "सूज आल्यावर निदान पाच दिवस घरी ठेवा. वर्गात बसली होती का?"

"बसली होती."

"मग बाकीच्यांना दोन-तीन आठवड्यांत दिसेल. लगेच नाही दिसत."

मी खिशातली छोटी दिनदर्शिका काढली. दोन-तीन आठवड्यांनी अमरावतीला जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धा होत्या आणि त्यांत आमच्या मुलींची खो-खोची टीम होती. तालुक्याला पहिली आलेली. आमच्या शाळेची कुठलीही टीम याआधी जिल्ह्याला गेलेली नव्हती. कॅप्टन वैष्णवी.

मी मॅडमना सांगितलं, "स्पर्धेच्या आठवड्यात टीम आजारी पडणार."

"कोण म्हणालं?"

"दिनदर्शिका."

"सर, जरा शुभ बोलत जा नं."

मी शुभ बोललो नाही, पण गप्प बसलो.

गौरी बरी होऊन परत आली तेव्हा तिच्या बाकावर कोणी बसेना. काही दिवसांनी सहावीतले दोघे गाल सुजवून घरी बसले. मग सातवीतला एक. मग टीममधली पहिली मुलगी, समीक्षा. त्या दिवशी वर्गात मी फळ्याकडे वळलो होतो. मागून आवाज आला, "तुह्याच्यानंच झालं हे, गालफुगे!" कोण बोललं ते कोणी सांगितलं नाही. मी पूर्ण वर्गाला सुनावलं. दुसऱ्या दिवसापासून गौरी शाळेत आली नाही. आणि आता तिला आणायलाही कोणी गेलं नाही. वीसच्या वर्गात बारा पोरं होती. झेंड्याचा प्रश्नच नव्हता.

वैष्णवीने मात्र टीमचा ताबा घेतला. गालगुंड झालं की आंबट खाल्ल्यावर कानाखाली दुखतं, असं तिने कुठून तरी ऐकलं होतं. ते खरंही आहे. तिने घरून चिंच आणली आणि मैदानावर सगळ्यांना एकेक बुटुक खायला लावलं. ज्याचं तोंड वाकडं होईल तो आऊट. चिंच खाल्ल्यावर सगळ्यांचंच तोंड वाकडं होतं. पहिल्या दिवशी तिने सगळी टीम आऊट केली, स्वतःसकट.

"सर, आता कसं करावं?" ती जवळजवळ रडकुंडीला आली होती.

"चिंच बंद कर," मी म्हणालो. "ज्यांना ताप नाही, दुखत नाही, त्या खेळतील. दुखलं तर लपवायचं नाही. दुपट्टा मैदानावर चालणार नाही."

"पण सर, नऊ तं पाहिजेत नं!"

तिचं बरोबर होतं. खो-खोत एका वेळी मैदानात नऊ खेळाडू लागतात. पाठलाग करताना आठ जणी ओळीत बसतात आणि एक धावते. आठच असतील तर खेळ सुरूच होत नाही. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आमच्याकडे आठ होत्या.

"पुढच्या वर्षी जाल," मॅडम तिला समजवायला गेल्या.

"पुढच्या वर्षी म्या इथं कुठी हाव, मॅडम?" वैष्णवी म्हणाली. "बडनेऱ्याच्या शाळेत पोरींची टीमच नाही. मले हेच वर्ष हाय."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी प्रवेशयादी काढली. यादीत बारा नावं भरावी लागतात आणि यादीबाहेरची मुलगी खेळवता येत नाही. आमच्या खेळणाऱ्या मुली अकराच होत्या, म्हणून जागा भरायला बारावं नाव मी एका मुलीचं टाकलं होतं. ती खो-खो कधी खेळली नव्हती. तिचं धावणंही मी फारसं पाहिलं नव्हतं. पण डॉक्टरांनी त्या दिवशी जाता जाता सांगितलेलं एक वाक्य मला आता महत्त्वाचं वाटू लागलं होतं. गालगुंड एकदा होऊन गेलं की सहसा परत होत नाही.

बारावं नाव गौरीचं होतं.

संध्याकाळी मी आणि वैष्णवी तिच्या घरी गेलो. गौरीची आई, लताबाई, वेचणीवरून येऊन हातपाय धूत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिले म्हणाले चाल. मंग पोट्टे म्हणाले येऊ नको. आता तुमी म्हणता पुन्हा चाल. माही पोरगी हाय का बैलबंडी, सर?"

"चुकलं खरं," मी म्हणालो.

"तुमचा तो झेंडा कुठी हाय? त्याले घेऊन जा न मॅचले."

"झेंडा धावत नाही."

"मंग गौरी तरी कुठी धावते?"

 घरातून हसण्याचा आवाज आला. मग गौरी दारात आली. कडेवर भाऊ होता. त्याचेही गाल नुकतेच उतरलेले दिसत होते. ती माझ्याशी बोललीच नाही. वैष्णवीकडे बघून म्हणाली,

"त्या दिवशी गाल दुखून राहिला म्हटलं होतं न म्या?"

"हो," वैष्णवी म्हणाली.

"तं तू काय म्हणाली?"

"दुपट्टा बांध म्हटलं."

"आन् हात ओढत नेलं. आन् झेंडा भेटल्यावर?"

 झेंडा मिळाल्यावर गौरीला सांगायलाही कोणी गेलं नव्हतं.

"गालफुगे कोन म्हणे मले?"

"म्या नाही म्हटलं."

"पन हसली तं असशीन."

"हसली," वैष्णवी म्हणाली.

मी मध्ये पडलो. म्हणालो, "गौरी, मी तुला खोटं सांगत नाही. तुला चांगलं खेळता येतं म्हणून आलेलो नाही. उद्या-परवा आजारी पडणार नाही असं ज्या एकाच मुलीबद्दल मला वाटतं, ती तू आहेस. बाकी आठ जणींची मी हमी देऊ शकत नाही."

गौरीने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मले न्यायले कोनी येऊ नका," ती म्हणाली. "यायचं असंन तं येईन म्या."

स्पर्धेच्या दिवशी मी काळीपिवळी ठरवली होती. ती शाळेसमोर उभी होती. आठ मुली आत बसल्या. मी एकेकीचे गाल पाहिले, कपाळाला हात लावला. सगळ्या ठीक होत्या. गौरी नव्हती.

"सर, निघाचं का?" ड्रायव्हर म्हणाला. "कोनाची वाट पाहून राहिले?"

"एकीची."

"फोन करा न तिले."

"फोन नाही तिच्याकडे."

त्याने दोनदा हॉर्न वाजवला. वैष्णवी खाली उतरली. "सर, म्या जाते. धावत जाते, लगेच आनते."

"बस खाली."

"सर, पन दोन मिनटं..."

"ओढून आणायची नाही. आली तर आली."

"नाही आली तं?"

"नाही आली तर परत वर्गात. अपूर्णांक घेऊ."

वैष्णवी बसली, पण पाय बाहेर ठेवून. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, बंद केलं. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं, कारण त्याने काही होत नव्हतं. मग समोरच्या गल्लीतून गौरी येताना दिसली. चालत. घाई अजिबात नाही. हातात पिशवी, डोक्याला तेल लावून दोन वेण्या. मुलींनी आरडाओरडा केला. तरी तिने चाल वाढवली नाही.

"तेल लावून राहिली होती माय," ती आत बसत म्हणाली. "सरका व."

वैष्णवीने तिला खिडकीची जागा दिली.

मैदानावर मी गौरीची जागा हिशोबाने ठरवली. खो-खोत बचाव करणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी मैदानात येतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी. मी गौरीला तिसऱ्या तुकडीत टाकलं. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढला तर तिच्यावर पाळीच येत नाही. पाठलागात तिला सर्वांत शेवटच्या चौकात, खांबाजवळ बसवलं. तिथे कमी खो मिळतील, असा माझा अंदाज होता.

अंदाज निम्मा बरोबर आला. बचावात तिच्यावर पाळी आली नाही. वैष्णवीची तुकडी बराच वेळ टिकली. पाठलागात मात्र शेवटी-शेवटी वैष्णवी खांबाकडे पळत आली आणि तिने गौरीच्या पाठीवर थाप मारून खो दिला. समोरच्या टीमच्या मुलीला आतापर्यंत कळलं होतं की शेवटच्या मुलीला कोणी खो देत नाही. ती गौरीच्या बाजूनेच सुटली. गौरी उठली. धावली नाही. नुसती उठली आणि हात पुढे केला. ती मुलगी येऊन तिच्या हातावर आदळली आणि खाली बसली.

पंचांनी शिट्टी वाजवली. बाद. आम्ही तो सामना एका गुणाने जिंकलो.

दुपारी दुसरा सामना अचलपूरकडच्या एका शाळेशी होता. तो आम्ही नऊ गुणांनी हरलो. त्यात गौरीवर पाळी आली आणि ती लगेच बाद झाली. हरल्यावर वैष्णवी मैदानाच्या कडेला बसून रडली. गौरी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि पिशवीतून भाकरी काढली. "माय म्हणे सगळ्यायले दे," ती म्हणाली. वैष्णवी रडतच खाऊ लागली. परतीच्या वाटेत एका मुलीने गाल दुखतो म्हणून सांगितलं. लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा गाल सुजला.

सोमवारी परिपाठात मॅडमनी सगळ्या टीमला पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी झेंड्याचा नियम बदलला. आजारी मुलाच्या घरून चिठ्ठी आली तर त्याची हजेरी धरायची. पुढच्या शनिवारी माझ्याकडे सात चिठ्ठ्या आल्या. सातही पोटदुखीच्या होत्या. पाच एकाच अक्षरात होत्या.

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलो. जे मोजाल ते वाढतं. हजेरी मोजली, हजेरी वाढली. चिठ्ठ्या मोजल्या, चिठ्ठ्या वाढल्या. पोरगं कसं आहे, हे मात्र त्याच्या तोंडावरचा दुपट्टा काढूनच बघावं लागतं. त्याची टक्केवारी निघत नाही.

गौरीला न्यायला आता कोणी जात नाही. ती स्वतः येते. बहुतेक उशिरा येते. भाऊ अंगणवाडीत रडतो, म्हणून त्याला सोबतच आणते. तो तिच्या आणि वैष्णवीच्या मध्ये, पहिल्या बाकावर बसतो आणि पाढे म्हणायची वेळ आली की सर्वांत मोठ्याने ओरडतो. त्याला टक्केवारीत धरायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.