काजळी, पटाशी आणि आमचे अण्णा

झाशीच्या ओरछा गेटजवळ अण्णांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. मी रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर; सुट्टी मिळाली की पाय तिकडेच वळायचे. घरी परतताना कपड्यांना भुसा चिकटलेला आणि डोक्यात एखादा किस्सा. भुसा बायकोनं झटकला, किस्से तेवढे साठत गेले!

*

ठासणीच्या बंदुकीला नवा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, करायचा म्हणजे लाकडात नळीसाठी खोबण कोरायची. अण्णा नळीला काजळी फासत, लाकडावर दाबत, उचलत. काळा डाग उमटेल तिथलंच कणभर लाकूड पटाशीनं काढत. मग पुन्हा काजळी. दिवसभर हेच!

मी एकदा कॅलिपर घेऊन गेलो. म्हटलं, "माप घ्या अण्णा, आणि एकदाच कोरा की!"

"भैया, लोखंडाला हुकूम चालतो. लाकडाची समजूत काढावी लागते!"

*

काजळी धरत अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू; तीही नातवासाठी. एकदा रिकामी डबी घेऊन दुकानात आल्या. "पोराच्या डोळ्यांत एक बोट, आणि तुमच्या बंदुकीला अख्खी डबी?"

अण्णा मान वर न करता म्हणाले, "पोराचे डोळे मुळातच सुरेख आहेत गं!"

*

आमचा गोरा फोरमन आपली जुनी रायफल घेऊन आला. "मिस्त्री, नली और लकड़ी में गॅप कितना रखेगा?"

"साहब, गॅप चाहिए तो खिड़की बना दूँ?"

काम झाल्यावर साहेबानं सिगारेटचा पातळ कागद काढला आणि नळीच्या कडेनं सरकवून पाहिला. कुठेच जाईना. साहेबानं हॅट काढली!

*

एकदा पटाशी घसरली. खोबणीच्या तळाला, नळीखाली झाकली जाणारी जागा. "कोणाला दिसणार, अण्णा?" मी म्हणालो.

अण्णांनी दस्ता बाजूला ठेवला आणि नवं लाकूड घेतलं. जुन्याचं काकूंनी धोपाटणं केलं. अक्रोडाच्या धोपाटण्यानं कपडे धुणाऱ्या झाशीत त्या एकट्याच!

*

पुढे अण्णांना मोतीबिंदू झाला. डाग दिसेनासे झाले. गिऱ्हाइकांना पत्ता लागू दिला नाही. आंधळ्यानं बसवलेली बंदूक खांद्याला कोण लावील?

तेवढ्यात मोठ गावचे ठाकूर आजोबांची बंदूक घेऊन आले. दस्ता पार फुटलेला. नळी अण्णांनी चाचपत बसवली. खरी भीती कळेची, म्हणजे घोडा पेलणाऱ्या यंत्राची. ती केसभर जास्त खोल गेली, तर घोडा दारू पेटवणाऱ्या टोपीवर नीट पडणार नाही, बार उडणार नाही. ड्यूटी सुटली की मी शेजारी बसे. ते विचारत, "डाग कुठेय?" मी सांगे. एकदा घाबरून चुकीची जागा सांगितली. अण्णांनी अंगठा फिरवला. "तिथे नाही. लाकूड इथे उंच आहे."

बंदूक तयार झाली. गावाबाहेरच्या माळावर मडकं ठेवलं. ठाकुरांनी बार ठासला, नेम धरला. अण्णांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

धाड! मडक्याच्या ठिकऱ्या!

"वाह मिस्त्रीजी! नज़र हो तो ऐसी!"

अण्णांचा चेहरा फुलला. बाराच्या आवाजानं कान बधिर झालेले. ठाकुरांचा आवाज कुठून आला, कळलं नाही. ते हात जोडून वाकले, रिकाम्या माळाकडे तोंड करून. ठाकूर डाव्या हाताला उभे होते!

ठाकुरांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. बंदूक हळूच खाली ठेवली. पावलं न वाजवता ते त्या जोडलेल्या हातांसमोर जाऊन उभे राहिले, आणि अण्णांपेक्षा जास्त वाकले.