हरलेला पहिला सामना

नारायण पेठेतल्या माझ्या सायबर कॅफेत ती दर रविवारी सकाळी यायची. पुण्यात शिकायला आलेली ही मुलगी आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर होती. चेंडू अडवून अडवून दोन बोटं वाकडी झालेली, त्यामुळे टायपिंग सावकाश.

इंटरनेटवर तिच्या देशाच्या पुरुष संघाचा सगळा इतिहास होता. बायकांच्या संघाबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून तीच लिहायला बसली होती. एखादं नाव आठवलं नाही, तर जुन्या मैत्रिणीला ईमेल करायची आणि उत्तर येईपर्यंत तेवढी जागा कोरी ठेवायची.

एकदा मी पडद्यावर पाहिलं. बहुतेक सामने हरलेलेच. एकात तर त्यांच्यावर दहा गोल झाले होते आणि गोलकीपर म्हणून तिचंच नाव होतं.

“अहो, हा एक तरी गाळा,” मी म्हणालो. “कोण विचारायला येणार आहे?”

“काका, हा आमचा पहिला सामना,” ती शांतपणे म्हणाली. “हा गाळला, तर आम्ही सुरुवात कधी केली म्हणून सांगू?”

मी माझ्या खुर्चीकडे वळलो. ती त्या दिवशीच्या अकराजणींची नावं एकेक करून लिहीत राहिली.