पत्र्याखाली हलणारा उजेड

जगातला एकही प्रश्न अनुत्तरित राहिला, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल, अशा समजुतीने जगणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे, आणि तिच्याच घराच्या वरच्या खोलीत मी राहते. आमच्या घरमालकीण काकू. जेऊरहून मी नोकरीसाठी सोलापुरात आले, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत खोली पाहायला गेले, तेव्हा मी कोण, कुणाची, लग्न कधी करणार, यांपैकी काहीही काकूंनी विचारले नाही. चहाचा कप पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "गोळ्यांच्या कारखान्यात हायस म्हणतीस, तर एवढं सांग. गोळीवर मधोमध रेघ कशाला असती?" अर्धी करता यावी म्हणून, असे मी सांगितले. "मग जिच्यावर रेघ नसती ती अर्धी करून खाल्ली तर?" या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या वरच्या लेपापासून पोटातल्या आम्लापर्यंत गेले. चहा गार झाला, पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला. खोली मला मिळाली.

काकूंचे कुतूहल हा स्वभाव नव्हे, तो उद्योग आहे. मैंदर्गीला नात्यातल्या लग्नाला गेल्या असता त्या पंगतीत सापडेनात. शोधाशोध झाली, तर मांडवामागे जनरेटरच्या गाडीत बसून कानडी चालकाशी तेलुगू वळणाच्या मराठीत चर्चा चालू होती. दोघांनाही एकमेकांचे निम्मेच समजत होते आणि दोघेही अत्यंत समाधानी होते. दाताच्या डॉक्टरांकडे त्यांनी आधी स्वतःच्या दाढेचा फोटो समजावून घेतला, मग शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाच्या दाढेचा. बसमध्ये वाहकाचे तिकिटाचे यंत्र कागदावर शाईशिवाय कसे छापते, हे पुरते कळेपर्यंत आपला थांबा आला तरी त्या उतरत नाहीत. घरी काकांनी याविरुद्ध फार पूर्वीच शस्त्र टाकले आहे. कोणत्याही प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर असते, "तसंच असतं ते." आणि काकूंचा त्यावर एकच शेरा, "मागावर आयुष्य काढलं या माणसानं, पण माग कशानं चालतो विचारलं तर म्हणणार, बटनानं."

मी चढाईचा वर्ग लावला, तो कुणालाही न सांगता. दिवसभर यंत्रासमोर बसून पाठ आखडली होती, आणि उंचीची भीती ही आपल्यातली दुरुस्त करण्याजोगी त्रुटी आहे, असे माझे मत होते. शहरात एका बंद पडलेल्या यंत्रमाग शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून, दोन मजले उंच कृत्रिम भिंत उभी केली आहे. तिच्यावर रंगीबेरंगी, ओबडधोबड उंचवटे स्क्रूने बसवलेले असतात. त्यांना होल्ड म्हणायचे. कमरेला पट्टा बांधायचा, दोराचे एक टोक त्याला, दोर छताच्या तुळईवरून खाली, आणि दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. तत्त्व साधे आहे: वजन पायांवर ठेवा, हात फक्त तोल सांभाळण्यासाठी. हे तत्त्व मला पहिल्याच दिवशी पटले आणि पुढचे कित्येक आठवडे माझ्या हातांना पटले नाही.

काकूंना ते कळले माझ्या तळव्यांवरून. "हे पीठ कसलं गं हाताला? भाकरी तर तुला येत न्हाय." पीठ नव्हे, पकड घट्ट राहावी म्हणून लावायची खडूची भुकटी. मग ती कशाची, घाम कसा शोषते, हे सारे ओघाने आले. शेवटी मी शेड कुठे आहे ते सांगितले, आणि काकू गप्प झाल्या. माझ्या अनुभवातील ही पहिलीच घटना असल्याने मी ती काळजीपूर्वक नोंदवली.

त्या शेडमध्ये काकूंची आई कांड्या भरत असे, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या लहान रिळांवर सूत गुंडाळत असे. शाळेला सुट्टी असली की काकू तिच्यासोबत जात. दुपार कलली की छताच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला उजेडाचा एक तुकडा यायचा आणि थरथरत राहायचा. तो पश्चिमेच्या भिंतीतल्या, अगदी पत्र्याला लागून असलेल्या झरोक्यातून येतो, एवढे लहानग्या काकूंनी शोधून काढले होते. पलीकडे दुसऱ्याचे कुलूपबंद आवार, त्यामुळे पुढचा शोध खुंटला. "आणि सगळ्यात गंमत सांगू? वीज गेली की माग थांबायचे, आणि तो उजेड बी थांबायचा. हलायचाच न्हाय. आता सूर्याला कुठं वीज लागती का गं?"

ऊन वरून खाली पडते. ते छताच्या आतल्या बाजूला पडले असेल, तर खाली कशावरून तरी परावर्तित होऊन आले असणार, इतके मी तिथल्या तिथे सांगितले. थरथरत होते, म्हणजे बहुधा पाणी. वीज गेल्यावर थांबण्याचा भाग मात्र मी लहानपणच्या आठवणींच्या खात्यात टाकला. काकूंना ते अजिबात आवडले नाही. दुसऱ्या दिवशी, झरोक्यापर्यंत चढून स्वतःच बघायचे ठरवून, त्या सलवार-कमीज घालून, केस घट्ट बांधून माझ्या स्कूटरच्या मागे बसल्या. पायरीवरून काका म्हणाले, "पडलीस तर उचलायला बोलावू नको. माझे गुडघे गेलेत."

चढाई शिकवणारी प्रशिक्षिका माझ्याच वयाची, साताऱ्याकडची, मोजके बोलणारी. काकू तिला टीचर म्हणू लागल्या. टीचरने पहिल्या दिवशी दोराची गाठ शिकवली. तिची पाठ वळताच काकूंनी आपल्या पद्धतीची, धागा जोडायची विणकराची गाठ मारली, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, आणि मग इकडेतिकडे पाहत विचारले, "कात्री कुठाय?"

"कात्री कशाला?" टीचरचा आवाज चिरकला.

"शेपूट कापायला. इतकं लांब टोक ठेवलं तर कापडात गाठ दिसती की!"

टीचरने दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला. सुतात टिकणारी ही गाठ जाड दोरात ताण कमी होताच सैल पडते, आणि ते लांब शेपूटच माणसाचा जीव राखते, हे काकूंनी तिच्याकडून सविस्तर समजून घेतले. तरीही पुढे प्रत्येक वेळी त्या लोंबत्या टोकाकडे त्या बिघडलेल्या विणीकडे पाहावे तशा पाहत.

काकूंच्या पायांत बळ होते, भीती तर नव्हतीच. त्यांना खाली आणत होते ते त्यांचे प्रश्न. अर्ध्या भिंतीवर जाऊन त्या थांबत. "हा होल्ड आतून पोकळ हाय का गं?" टिचकी मारून पाहत. "स्क्रू एकच? मग फिरत कसा न्हाय?" तोवर हात भरून येत आणि काकू दोराला लटकत. मला मात्र लटकताच येत नसे. वर पोहोचल्यावर हात सोडून दोरावर बसायचे, तर मी भिंतीला मिठी मारून राही, आणि खालून काकू विचारत, "डोळे कशाला मिटलीस? उघड की! काय दिसतंय ते तरी सांग!"

मग टीचरने बातमी दिली: पुढच्या आठवड्यात एसी बसणार, त्यासाठी वर सपाट छत येणार. म्हणजे भिंत हातभर कमी होणार आणि झरोका छताच्या वर कायमचा बंद होणार. काकूंचा चेहरा उतरला. टीचर मनाने चांगली, ती म्हणाली, "काकू, मी वर जाऊन फोटो काढून आणते ना."

"तुझ्या डोळ्यांनी मी कशाला बघू?"

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, आम्ही गेलो. टीचरने एकच अट घातली: वर पोहोचेपर्यंत एकही प्रश्न नाही. काकूंनी गाठ मारली, टीचरने शिकवलेली. मी ती तपासली. "दिसती लई वाईट," त्या म्हणाल्या, "पण असू दे." दोर माझ्या हातात होता. काकू चढू लागल्या. अर्ध्यावर, तो पोकळ होल्ड आला तिथे, त्यांचे तोंड उघडले. तोंड मिटले, आणि उजवा पाय वर गेला. त्यानंतर शेडमध्ये फक्त दोर सरकल्याचा आवाज होता. शेवटच्या होल्डवर दोन्ही पाय ठेवून त्यांनी अंग ताणले, ओढणीच्या टोकाने झरोक्याची काच पुसली आणि नाक तिला टेकवले.

मग वरून आवाज आला, "टाकी हाय गं! सिमेंटची, उघडी. शेजारच्या गाळ्याच्या छतावर. आपल्याच भिंतीला चिकटून बांधलीया." थोड्या वेळाने, जरा हळू, "कोरडी हाय. आत झाड उगवलंय."

म्हणजे पाणीच होते. माझा तर्क बरोबर निघाल्याचा आनंद मला पुरता होण्याआधीच पुढचा प्रश्न आला. "पण मग वीज गेल्यावर थांबायचं कशाला? थांबायचंच ते, मी सांगते तुला!"

मी मान वर करून उभी होते. आपल्याच भिंतीला चिकटून. "काकू," मी ओरडले, "माग चालू असताना ही भिंत हलायची का?"

"हलायची? अगं, कोनाड्यात पाण्याचा तांब्या ठेवला तर सरकत सरकत खाली पडायचा!"

"मग टाकीतलं पाणी?"

वरून अगदी बारीक आवाजात, "अय्यो."

त्यांनी दोन्ही हात सोडले आणि दोरावर बसल्या. मी त्यांना हळूहळू खाली आणले. पाय टेकल्यावर त्यांनी गाठ सोडली नाही. पश्चिमेच्या त्या भिंतीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. भिंत हलत नव्हती. "म्हणजे आमीच हलवत होतो," त्या म्हणाल्या. टीचरने विचारले, "काय हलवत होता?" "उजेड," मी म्हणाले.

परतताना मागच्या सीटवरून एकही प्रश्न आला नाही. सिग्नलचे आकडे उलटे का मोजतात, हे त्यांनी या रस्त्यावर मला अनेकदा विचारले होते. त्या दिवशी आकडे उलटे मोजत संपले आणि आम्ही पुढे गेलो. मी स्कूटर विनाकारण हळू चालवत होते. घरासमोर उतरल्यावर काकूंनी ओढणीवरची झरोक्याची धूळ झटकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"अम्मा म्हणायची, वर बघू नको, सूत तुटेल. मान खाली घालूनच भरायची ती कांड्या," त्या म्हणाल्या. "तिनं तरी कधी बघितला असेल का गं तो उजेड?"

पायरीवर बसलेल्या काकांनी नेहमीप्रमाणे "तसंच असतं ते" म्हणायला तोंड उघडले, काकूंकडे पाहिले आणि सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.