डस्टरसरांचा रिकामा हात

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे, गणित शिकवतात. शाळेत त्यांना डस्टरसर म्हणतात. उजव्या हाताने लिहायचं, डाव्याने पुसत जायचं आणि मध्ये "समजलं?" एवढंच विचारायचं, ही त्यांची पद्धत. "माझ्या वर्गात कुणाला कधी शंकाच येत नाही," हे ते लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला धरून ऐकवतात.

यंदा मुख्याध्यापिकांनी शाळेची घडीच बदलली. दोन वर्गांमधली भिंत पाडली आणि एका तासाला दोन शिक्षक उभे केले. मेहुण्यांच्या जोडीला चित्रकलेच्या बाई आल्या. जोडी जमली नाही, तर मेहुण्यांनी वर्ग सोडायचा आणि कार्यालयात बसून वेळापत्रकं आखायची, असं ठरलं. मेहुण्यांची भूकच मेली.

जोडी जमेना. त्रिकोण दाखवायला बाईंनी फळ्यावर त्रिकोणी सांगाड्याचा पूल काढायला घ्यावा आणि दुसरा खांब उभा राहायच्या आत मेहुण्यांनी पहिला पुसून टाकावा.

"सर, मी अजून काढत होते."

"पण समजला की सगळ्यांना."

"मलाच नाही समजला."

जोडी जमली का, याच्या पाहणीच्या दिवशी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या. मेहुण्यांनी सवयीने हात लांबवला, तर डस्टर जागेवर नाही.

"बाई, डस्टर?"

"माझ्या पिशवीत आहे. तास संपला की देते."

मेहुण्यांचा डावा हात माशी हाकलावी तसा हवेत फिरत राहिला. फळ्यावर मात्र पूल पुरा झाला आणि शेजारी अख्खं गणित पहिल्या ओळीपासून शाबूत राहिलं. तेवढ्यात एक मुलगी उठली.

"सर, ती दुसरी ओळ कुठून आली?"

मेहुणे चपापले. त्यांच्या वर्गात शंका, आणि तीही आज! पाठोपाठ आणखी हात वर झाले.

"मग इतके दिवस का नाही विचारलंत?"

"विचारेपर्यंत ओळ राहायची कुठे, सर?"

वर्ग खो खो हसला. मेहुण्यांनी फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि स्वतःही हसत सुटले. मग मेहुणे बोट ठेवतील तो पुलातला त्रिकोण बाई रंगवू लागल्या. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मुख्याध्यापिका जाता जाता म्हणाल्या, "वेळापत्रकं मीच आखते."

आता मेहुणे पंगतीत सांगतात, "आमच्या वर्गात शंका संपतच नाहीत." डस्टर अजून बाईंच्या पिशवीतच असतं. घरी आल्यावर मेहुण्यांचा डावा हात काम शोधतो आणि जेवणाचं टेबल लखलखीत पुसून ठेवतो. ताईने बाईंना निरोप धाडलाय, "डस्टर राहू द्या तुमच्याकडेच."