रंगाऱ्याचा बारक्या

बारक्या हे नाव त्याला पडलं तेव्हा ते खरं होतं. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढाच होता. आता तो दारातून आत येताना किंचित तिरका होतो, आणि तो बसणार असं दिसलं की आई आधी घाईने खुर्ची बदलते. तरी घरात तो बारक्याच. देशाच्या रग्बी संघात त्याची निवड झाली तेव्हा पेपरात त्याचं खरं नाव छापून आलं, आणि हा नेमका कोण हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना दुसऱ्या दिवशी कळलं.

बाप रंगारी. घरं रंगवतो, तीही आतूनच. बाहेरच्या भिंतींची कामं घेत नाही. "पाऊस आणि गिऱ्हाईक, दोघांच्या तालावर नाचायला मला जमत नाही," म्हणतो. जोडीला मेहुणा असतो, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या रोलरपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. भाचा काय करतो असं कोणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, "दोन नंबरचा धंदा," आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

मग खुलासा रंगाऱ्याला करावा लागतो. रग्बीत दोन नंबरचा शर्ट हुकरचा. दोन्ही संघ डोक्याला डोकं लावून रेटतात तेव्हा तो मधोमध, आपल्याच दोन रेड्यांसारख्या गड्यांच्या बगलेत अडकलेला. आणि चेंडू मैदानाबाहेर गेला की रेषेवरून तो आत फेकायचा तोही त्यानेच. दोन्हीकडचे उंच गडी शेजारी शेजारी दोन रांगा करून उभे राहतात, आपला एक गडी दोघांनी वर उचललेला असतो, आणि चेंडू त्या दोन रांगांच्या बरोबर मधून त्याच्या हातात जायला लागतो. वाकडा गेला की रेफरीची शिट्टी आणि चेंडू समोरच्यांचा. एरवी सगळा खेळ धक्काबुक्कीचा, चूक कोणाची ते शोधूनही सापडत नाही. त्या एका क्षणी मात्र सगळे थांबलेले असतात, हुकर एकटा असतो आणि चूक झाली तर ती वाटून घ्यायला कोणी नसतं.

हे फेकणं बारक्या शिकला घरामागच्या गल्लीत. संध्याकाळी कामावरून आला की रंगारी आपला घोडा, म्हणजे रंगकामाची दुपाखी शिडी, गल्लीत उभा करायचा, वर चढायचा आणि दोन्ही हात उंच करायचा. बारक्या लांबून फेकायचा, बाप झेलायचा आणि "शाब्बास!" म्हणून चेंडू खाली सोडायचा. आई खिडकीतून ओरडायची, "अहो, झुकू नका, पडाल!"

"तू गॅस बघ," रंगारी वरून म्हणायचा.

असं बरीच वर्षं चाललं. बाप एकदाही पडला नाही.

त्या वर्षी परदेशचा संघ चार टेस्टच्या, म्हणजे चार आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या मालिकेसाठी आला. आपल्या संघात हुकरच्या जागेवर एक जुना गडी होता. चौतिशीचाच, पण संघातली पोरं त्याला आजोबा म्हणायची आणि मग पेपरवालेही म्हणायला लागले. बारक्या त्याच्या मागे, राखीव बाकावर. पहिली टेस्ट आपण सडकून हरलो. आजोबांनी फेकलेले चेंडू समोरच्या उंच गड्यांनी वरच्या वर उचलले. दुसऱ्या टेस्टला शेवटच्या टप्प्यात बारक्याला आत पाठवलं. त्याचा एकही चेंडू चुकला नाही, आणि त्यातल्याच एकावरून सगळे मिळून रेटत समोरच्यांच्या रेषेपलीकडे गेले आणि सामना जिंकला.

झालं. सगळं गाव निवड समितीत बसलं. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, जिन्यात, जो तो सांगत होता की त्या पोराला सुरुवातीपासून घ्या. मेहुणा तर बोलणारच होता, पण एरवी तोंड न उघडणारा रंगारीही रंगाच्या दुकानात, प्राइमरचा डबा हातात घेऊन, चार लोकांत म्हणून गेला, "आजोबांनी आता घरी बसावं. किती दिवस जागा अडवायची?" दुकानातल्यांनी माना डोलावल्या. म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं होतं, हेही खरं.

गुरुवारी बारक्याचा फोन आला. "बाबा, सुरुवातीपासून आहे."

"आणि ते?"

"ते बाकावर. मला म्हणाले, नीट झोप."

संघ निवडण्याचा हिशेब सोपा असतो आणि तो रंगाऱ्यालाही कळत होता. या टेस्टला टिकला तर पुढची कितीतरी वर्षं ती जागा बारक्याची. नाही टिकला तर परत क्लबच्या मैदानावर, जिथे खेळाडूंपेक्षा कुत्री जास्त असतात. आणि यात बापाने करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याने एका खोलीची पुट्टी दोनदा घासली. मेहुणा म्हणाला, "भावजी, आता पुरे. अजून घासलीत तर शेजाऱ्यांचा दिवाणखाना दिसेल."

तिसऱ्या टेस्टला नवराबायको खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून जागा केली.

"बारक्याचे बाबा ना? मी आजोबांची बायको. आजी म्हणू नका म्हणजे झालं."

रंगाऱ्याला हसावं की नाही ते कळेना. दुकानातलं बोलणं एवढ्या लांब पोचलं नसणार हे माहीत असूनही त्याने पाय आखडून घेतले.

"तो फेकतो तेव्हा तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"बघतो."

"मी नाही बघत. मी पुढच्या माणसाच्या कॉलरकडे बघते. काय झालं ते लोकांच्या आवाजावरून कळतंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "मागच्या पंधरवड्यात लोक काय काय बोलले हो. दूधवाल्यानेसुद्धा सल्ला दिला. त्यांना रिटायर करा म्हणाला, मला."

"लोकांचं काय," रंगारी म्हणाला आणि मैदानाकडे बघू लागला.

पूर्वार्ध चांगला गेला. बारक्याचे चेंडू ओळंब्याने मोजल्यासारखे सरळ जात होते. आईने मुठीत धरलेली रंगाऱ्याची बाही सोडली. त्याला भूकही लागली.

मध्यंतरानंतर समोरच्यांनी आपला सगळ्यात उंच गडी रांगेत पुढे आणला आणि बारक्याला रेटारेटीत पिळून काढायला सुरुवात केली. तो उठताना गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. मग एक चेंडू चोरीला गेला. पुढचा वाकडा, शिट्टी. त्याच्या पुढचा बरा गेला आणि लोकांनी उपरोधाने टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी खच्चून ओरडलं, "अरे सरळ फेक की! डोळे घरी ठेवून आलास काय?"

आई वळली. "तुम्ही जा ना खाली. जा! मी पिशवी धरते तुमची."

"अहो बाई, मी आपलं सहज..."

"सहज ना? मग सहज गप्प बसा."

आजोबांच्या बायकोने न हसता आपली पाण्याची बाटली आईपुढे केली.

सामना संपत आला तेव्हा आपण चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू समोरच्यांच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर बाहेर गेला. त्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण, जिंकायला याहून चांगली जागा नसते. बाजू पलीकडची होती, त्यामुळे बारक्याचं तोंड रंगाऱ्याकडे होतं. गल्लीत असायचं तसंच, फक्त मध्ये अख्खं मैदान. त्याने शर्टाला हात पुसले, चेंडू डोक्याच्या मागे नेला. सगळं स्टेडियम गप्प झालं. चेंडू हातातून सुटला, आणि तो नेमका कुठे चाललाय हे कळायच्या आत रंगाऱ्याचं अंग डावीकडे गेलं, बायकोच्या खांद्यावर.

"अहो, झुकू नका," ती सवयीने म्हणाली.

आणि शिट्टी झाली.

रंगारी तसाच तिरका बसून राहिला. घोड्यावर उभा असताना तो झुकायचा, हे बायकोने त्याला शेकडो वेळा सांगितलं होतं. पण तो का झुकतो, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्यानेही कधी मनात आणलं नव्हतं. पोरगा दमला की चेंडू डावीकडे यायचा. बाप हात लांब करून तो घ्यायचा आणि शाब्बास म्हणायचा. चेंडू हातात आला म्हणजे बरोबर आला, एवढंच दोघांना माहीत. पडू नये म्हणून बापाला ओरडणारं माणूस घरात होतं. वाकडा फेकलास म्हणून पोराला सांगणारं नव्हतं.

पुढे प्रशिक्षकांनी ती खोड काढली होती. काढली म्हणजे वरून रंगाचा चांगला हात दिला होता. ओल आलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग द्या, दिवस वाईट आले की डाग आपल्या जागी वर येतो. हे रंगाऱ्याइतकं कोणाला माहीत असणार?

कडेला दोन नंबरची पाटी वर गेली. बारक्या धावत बाहेर आला, आजोबा धावत आत गेले. जाताना त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. त्यांच्या बायकोने पुढच्या माणसाच्या कॉलरवर नजर लावली. उरलेल्या वेळात काही झालं नाही. आपण त्याच चार गुणांनी हरलो.

खेळाडूंच्या दाराशी लोखंडी कठडा होता, घरच्यांनी त्याच्या अलीकडे थांबायचं. बारक्या आला तेव्हा अंघोळ झालेली होती आणि कपाळावर दोन टाके होते. आईने टाक्यांची चौकशी केली. दुखत नाही म्हणाला.

"बारक्या," रंगारी म्हणाला, "ते चेंडू डावीकडे जात होते ना, ते मी..."

"बाबा, आत्ता नको."

"नाही, माझं ऐक. गल्लीत मी..."

"बाबा." त्याने कठड्यावरून बापाचा दंड धरला, हळूच, पण धरला. "मघापासून अकरा जणांनी मला हात कसा ठेवायचा ते सांगितलंय. तुम्ही तरी नका सांगू. डोक्यात बसतं मग."

रंगाऱ्याला हात कसा ठेवायचा ते सांगायचंच नव्हतं. पण काय सांगायचंय हे चार शब्दांत बसेना, आणि तेवढ्यात संघाची बस सुरू झाली.

चौथ्या टेस्टचा संघ पुन्हा गुरुवारी जाहीर होणार होता. सोमवारी त्याने फोन केला, बारक्या सरावाला गेला होता. मंगळवारी फोन लागला, तेव्हा आईच बोलत राहिली, जेवतोस का, टाके कधी काढणार. मग फोन रंगाऱ्याच्या हातात आला आणि तो म्हणाला, "बरं आहे ना?" बारक्या म्हणाला, "बरंय." आणि दोघांनी फोन ठेवला.

"सांगितलंत का काय सांगायचं होतं ते?" बायकोने विचारलं.

"आता सांगून काय करणार? त्याच्या डोक्यात आणखी एक घालायचं?"

गुरुवारी एका निवृत्त साहेबांच्या घरी दिवाणखान्याचं छत होतं, शेवटचा हात. छताचं एक असतं, सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. रंगाची कड ओली असेपर्यंत पुढचा पट्टा तिच्यावर चढवावा लागतो, कड वाळली की जोड दिसतो आणि तो आयुष्यभर दिसतो. रंगारी एका घोड्यावर, मेहुणा दुसऱ्यावर, निम्मं छत झालेलं. खाली साहेब प्लॅस्टिक घातलेल्या सोफ्यावर बसून फोनवर बातम्या वाचत होते. पोरगं या माणसाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि रंगाऱ्याने मेहुण्याला सकाळीच तंबी दिली होती.

"आला संघ!" साहेब म्हणाले. "चला, अक्कल आली एकदाची. आजोबा परत. आणि त्या पोराला बाकावरसुद्धा ठेवला नाही, दुसराच कोणीतरी घेतलाय."

मेहुण्याचा रोलर थांबला. त्याने तोंड उघडलं. रंगाऱ्याने वरूनच मान हलवली आणि रोलरने त्याच्या बाजूची कड दाखवली, ती वाळायला लागली होती. मेहुण्याने तोंड मिटलं आणि रोलर उचलला.

"तुम्ही बघता का हो रग्बी?" साहेबांनी वर बघत विचारलं.

"बघतो."

"मग तुम्हीच सांगा. त्याला घ्यायलाच नको होतं की नाही?"

रंगाऱ्याने पट्टा टोकापर्यंत नेला. मनगटावरून रंगाचा एक ओघळ कोपरापर्यंत आला, तो त्याला पुसता आला नाही.

"दमला की वाकडा जातो त्याचा," तो म्हणाला.

"तेच! तेच म्हणतोय मी," साहेब खूश होऊन म्हणाले. "लहानपणी कोणी नीट शिकवलं नसणार."

"नाही शिकवलं," रंगारी म्हणाला.

साहेब पुढची बातमी वाचू लागले. खिशात रंगाऱ्याचा फोन वाजायला लागला. बायकोचा असेल, नाहीतर बारक्याचा. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. रंगाऱ्याचे दोन्ही हात वर होते, आणि अजून खिडकीपर्यंतचं छत बाकी होतं.