लेथकडे पाठ करून बसणारे मिस्त्री

या, असं दारात उभं राहून ऐकू नका. जवळ सरका, सतरंजी आहे ना. आणि राग मानू नका, पण तुम्हा लोकांना गोल म्हणजे काय ते कळत नाही. सळई दिसली की म्हणता, आहे की गोल! मीसुद्धा तेच म्हणायचे. मी तसं म्हटलं की आमचे मिस्त्री तळहातावर तंबाखू मळत म्हणायचे, "सोड. परत पकड."

बघायचे नाहीत हो! तेलाच्या उपड्या डब्यावर बसायचे, लेथकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. मी दोन तास खपून चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, लोखंड पकडायचं, लेथ चालू करायचा, आणि यांनी मान न वळवता नुसत्या कानांनी ठरवायचं की माझं चुकलं. आणि चुकलेलं असायचंच. त्याचाच जास्त संताप यायचा.

सत्तरची सालं संपत आली होती. मोहाडीला आमचं एका लेथचं वर्कशॉप होतं. गिरण्यांचे शाफ्ट, पंपाचे भाग, असली कामं. चालवायचे माझे मालक, म्हणजे घरधनी. एकदा वरठीहून सायकलने येताना ते पडले, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्या हाताने चकाची चावीसुद्धा फिरेना. लेथ बंद पडला. घरच्या धानाच्या शेतातल्या दोन बांध्यांवर वर्ष निघत नव्हतं. मामंजींनी ठरवलं की लेथ विकायचा. गोंदियाचं गिऱ्हाईक दिवाळीच्या आधी ट्रक घेऊन येणार होतं.

मी म्हटलं, "मी चालवतो लेथ."

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, हसू नका. मामंजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दिवाळीपावतर एक काम धड करून दाखव. नाही त गोंद्यावाल्याले मी हो म्हटलाच हाय."

म्हणून मालकांनी या मिस्त्रींना बोलावलं. रेल्वेच्या कुठल्या तरी कारखान्यातून रिटायर होऊन ते आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहत होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बांगड्या काढ." सासूबाई चुलीपासून उठून आल्या. सवाष्णीचे हात रिकामे? दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मीच बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि त्यांच्यावर लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली. मिस्त्रींनी ती चिंधी ओढून बघितली. तेवढंच काय ते त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

मग दोन महिने नुसतं पकडणं. आमच्या लेथच्या चकाला चार जबडे, आणि प्रत्येकाला आपापला स्क्रू. चारही जबड्यांनी लोखंडाला बरोबर मधोमध धरायला हवं. केसभर इकडे-तिकडे झालं तरी फिरताना ते डोलतं. मग फिरत्या लोखंडाजवळ हळूच खडू न्यायचा. जी बाजू बाहेर आलेली, तिथेच पांढरं लागतं. लेथ थांबवायचा, पांढऱ्याच्या समोरचा जबडा जरासा ढिला करायचा, पांढऱ्याकडचा कसायचा. पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. पांढरी रेघ सगळीकडून सारखी उमटेपर्यंत हेच.

"मिस्त्रीजी, कापाचं कवा शिकवान मले?"

"कापणं त उंदरालेबी येते. तू पकडाले शिक."

मी घरी येऊन भांडी आपटायचे. मालक डाव्या हाताने भात कालवत हसायचे. "काहून चिडतं वो? तुह्यावर ते खुश हायेत."

"खुश हायेत त तोंड काहून दाखवत नाही?"

दसरा झाला आणि दोनच दिवसांनी शेजारच्या गावचा राईस मिलवाला शाफ्ट घेऊन आला. बेअरिंग बसतं तिथे शाफ्ट झिजला होता. त्याने वेल्डिंगचा थर चढवून आणला होता. आम्ही तो थर कापून बरोबर मापाला आणायचा. "हलका, लवकरचा धान निघाला, बाई. लोक पोते घेऊन दारात बसून राहिले. आजच्या आज पायजे." मामंजी तिथेच उभे होते. ते खाट ओढून बसले. मी समजले, हेच ते काम.

शाफ्ट चकात घातला, दुसऱ्या टोकाला सेंटरचा आधार दिला. खडू लावला, जबडे फिरवले. तासाभरात पांढरी रेघ अशी एकसारखी उमटली की मलाच भरून आलं. पहिला कट घेतला. कट संपता संपता शाफ्ट डोलायला लागला.

"सोड. परत पकड."

सोडला, पकडला. खडू लावला तर एकसारखा, आणि कट घेतला की पुन्हा डोलणं. तिसऱ्यांदा तेच. मालकांनी डाव्या हाताने कॅलिपर लावून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "दोन कट उरले फक्त. त्याच्यावर गेलीस त शाफ्ट पातळ. मंग भंगारच."

खाटेवर मामंजी खोकले. आणि आमचे मिस्त्री? रस्त्यावरून जाणारी बैलगाडी बघत होते!

माझा तोल गेला. "मिस्त्रीजी, सांगा ना काय चुकून राहिलं! लेथ चालला माह्या घरातून, आन् तुम्ही गाड्या मोजून राहिले!"

त्यांचा मळणारा अंगठा थांबला. "मले काहून विचारतं? जबड्यायले विचार."

संतापातच मी शाफ्ट बाहेर काढला, चारही जबडे पार उघडले आणि एकेकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. तिसऱ्या जबड्यात काहीतरी चिकट लागलं. केसांतला आकडा काढून खरवडलं. पिवळी पापडी निघाली. हळदीचे तांदूळ!

दसऱ्याच्या पूजेला मीच चारही जबड्यांना हळदकुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं मशीन पुसलं, पण जबड्यांवरचं कुंकू पुसायला हात धजेना. देवीचं कुंकू कोण पुसतं हो? बाहेरच्या अक्षता आपोआप गळल्या, आत गेलेले दोन-तीन दाणे तिथेच राहिले. जबडा कसला की दाणे दबून बसायचे, कटाचा जोर आला की आणखी चेपायचे, आणि शाफ्ट तेवढाच सरकायचा.

"तुम्हाले माहीत होतं?"

"सकाळीच दिसले. शाफ्ट यायच्या आंधी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलो असतो त तू नुसते तांदूळ काढली असती. आता जिंदगीभर चारही जबडे पुसशीन."

"आन् शाफ्ट गेला असता त?"

"गेला नाही ना."

ऐकलंत? इतकी वर्षं झाली, मला हे अजून पटलेलं नाही. माझा संसार त्या दोन कटांवर लटकत होता आणि हा माणूस म्हणतो, गेला नाही ना!

मी देवीला हात जोडले, घासलेटाच्या चिंधीने चारही जबडे लख्ख पुसले, शाफ्ट पुन्हा पकडला. पहिला कट घेतला. डोलला नाही. दुसरा घेतला, तोही सरळ. कॅलिपर बरोबर बसलं, आणि लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत बेअरिंग जागेवर गेलं. मिलवाला शाफ्ट घेऊन पळालाच. मामंजी खाटेवरून उठले, धोतर झटकलं, आणि बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलं, गोंद्याले निरोप धाडा, येऊ नका म्हणा.

कौतुक राहिलं बाजूला, मिस्त्री तंबाखू झटकून घरी गेले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी नव्या धानाचे पोहे घेऊन त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, सानगडीला लेकीकडे गेले, आता तिकडेच राहणार. एका शब्दाने सांगितलं नाही! मी तिथेच ओट्यावर बसले आणि रागारागात सगळे पोहे शेजारणीच्या पोरींना वाटून टाकले. डोळे पुसत पुसत वाटले, ते वेगळं.

पाच-सहा वर्षांनी त्यांचं एक कार्ड आलं. मी त्याच दिवशी एस.टी.ने गेले, काम केलं, संध्याकाळी परत. तेव्हाही कौतुक वगैरे काही नाही. चहा दे म्हणाले लेकीला, एवढंच. पुढे ते गेल्याचं मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. आता भांडायला माणूसच नाही. ते कार्ड आहे. लेकीच्या अक्षरात आहे, पण बोलणं त्यांचंच. वाचून दाखवते:

"इथे घराला लागून पिठाची चक्की हाय. तिचा शाफ्ट डोलून राहिला. दिवसभर आवाज कानात येते, जेवण जात नाही. साकोलीवरून दोन मिस्त्री येऊन गेले, दोघायलेबी मी हात लावू देलो नाही. तूच पाहिजे. सवड काढत बसू नको. लवकर येऊन जाय."