टोपी घालून वैरणीला

राजारामपुरीतल्या समस्त सुज्ञ नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बांधावर आपोआप उगवणारा पाला माणसाला खाता येतो, असा शोध लागला आहे. शोध आमच्या सोसायटीच्या महिला मंडळानं गेल्या पावसाळ्यात लावला. शाहूवाडीकडच्या लोकांना तो कैक पिढ्या आधी लागला होता, अशी एक अफवा आहे. पण त्यांनी तेव्हा प्रमाणपत्र घेतलं नव्हतं, त्यामुळं तो धरता येत नाही.

आम्हाला प्रमाणपत्र मिळणार होतं. शिवाय एक टोपी, एक कापडी पिशवी आणि केळीच्या पानावर जेवण. रानभाज्या ओळखायला शिकवणारी सहल होती ती. मंडळाच्या अध्यक्षीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या अभ्यासक्रमात 'नाही' हे उत्तरच नाही. त्यांनी आमची नावं परस्पर घातली.

बायकोचा चेहरा उतरला. का, ते फक्त मला ठाऊक होतं. आम्ही जिथं रानभाज्या शिकायला जाणार होतो, तिथून दोन डोंगर पलीकडं तिचं माहेर. पण सोसायटीत गेली पंधरा वर्षं ती 'मूळची कोल्हापूर शहरातलीच' आहे. बोलते पाठ्यपुस्तकासारखं आणि भाजी आणते ती प्लॅस्टिकच्या वेष्टनातली.

ही भानगड कुणामुळं झाली, हे सांगायला मला फारसा आनंद होत नाही, पण सांगतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं माहेराहून टाकळा आणला होता. लसणाची फोडणी दिलेली ती भाजी ताटात आली तेव्हा माझे चार मित्र जेवायला बसले होते. त्या काळी मी थोर विनोदवीर होतो. म्हणालो, "ही वैरण कुणी कापून आणली?" मित्र हसले. तीही हसली. त्यानंतर आमच्या घरात बांधावरचं एक पान आलं नाही, आणि हळूहळू तिच्या बोलण्यातलं हाय-न्हायसुद्धा गेलं.

निघायच्या आधी तिनं मला बजावलं, "तिथं मला काहीही ओळखता येत नाही. कळलं? कुणाला समजलं तर मी त्या बायकांत पुन्हा बसायची नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"एक शब्द बोलणार नाही."

"शब्दांचं नाही, तुमच्या चेहऱ्याचं म्हणते मी."

आमचे मार्गदर्शक वनस्पतिशास्त्र शिकलेले होते. भला माणूस, अंगावर इतक्या खिशांचं जाकीट की, एखादी भाजी आत हरवली तर पंचनामा करावा लागेल. "ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही," असं ते तीनदा म्हणाले. एसटीतली 'थुंकू नये' ही पाटी आपण जितक्या भक्तिभावानं वाचतो, तितक्याच भक्तिभावानं मी ते ऐकलं.

पहिला धडा कशाचा असावा? टाकळ्याचा.

"अय्या, हे खातात?" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा. इतकं कसलेलं आश्चर्य मी कुठल्याही रंगमंचावर पाहिलेलं नाही.

मग खुडायला सुरुवात झाली. बाकीच्यांनी रोपं मुळासकट उपटली. बायकोचं लक्ष दुसरीकडं होतं, पण हात मात्र स्वतःच्या मनानं चालला होता. अंगठ्याच्या नखानं नेमका कोवळा शेंडा तोडायचा, ओंजळ भरली की पिशवीत टाकायचा. मार्गदर्शक थांबलेच. "बघा! या मॅडमना पहिल्याच दिवशी जमलं!"

अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं शिकलात हो?"

"यूट्यूबवर बघितलं होतं," बायको म्हणाली आणि मुद्दाम दोन रोपं मुळासकट उपटली. मी चेहरा डोंगराकडं वळवला.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई बांधावरून आली. खाली माना घातलेल्या इतक्या टोप्या एकदम बघून ती थबकली. "काय हरवलंय काय, पावणं?"

"हरवलं नाही, आम्ही भाज्या शिकतोय."

"शिकतायसा? मग जेवणात काय नापास झालासा व्हय?" असं म्हणून ती माझ्या बायकोकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. बायकोनं टोपी नाकापर्यंत ओढली. बाई हसत पुढं गेली.

पुढच्या वळणावर मार्गदर्शकांनी आंबुशीची आंबट पानं सगळ्यांना कच्चीच चाखायला दिली. झालं! माझा अभ्यास पूर्ण झाला. ते पुढं निघून गेले आणि मागं राहिलेल्या चार बायकांना शिकवायची जबाबदारी कुणीही न देता मी घेतली. एका दगडाच्या आडोशाला एक जाड, लुसलुशीत, ठिपक्याठिपक्यांचा कोंब होता. तो मी उपटला, दगडावर चढलो आणि हात उंचावून म्हणालो, "हा सर्वांत दुर्मीळ! जाणकार हा असाच, कच्चा खातात!"

बायका आदरानं बघू लागल्या. अध्यक्षीणबाईंनी वही काढली. त्यांच्या शेजारी माझी बायको. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग अध्यक्षीणबाईंकडं. मग पुन्हा माझ्याकडं. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. प्रत्यक्षात ती एका हातात पंधरा वर्षांची अब्रू आणि दुसऱ्या हातात माझा घसा धरून कुठलं टाकावं याचा विचार करत होती, आणि तिला वाटेल तितका वेळ लागत होता, हे मी आजही विसरलेलो नाही. मी तोंड उघडलं. कोंब ओठाला टेकला.

तिची टोपी उडून चिखलात पडली. आणि पलीकडच्या बांधावर पोचलेल्या भारावाल्या बाईनंही मागं वळून बघावं, अशा आवाजात, लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मी कधीही न ऐकलेल्या भाषेत ती ओरडली, "आवो, टाका त्यो! सापकांदा हाय त्यो, घसा सुजंल की! आमच्यातली म्हसरंबी त्याला तोंड लावत न्हाईत, आन् तुमाला वैरण खायाची एवढी कसली घाई झालीया!"